पिशवीवरचा शब्द आणि पिशवीतले दूध

दूध पहाटे येते, दुपारपर्यंत संपते आणि त्याच्या तपासणीचा अहवाल मात्र चौदा दिवसांनी येतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याने अन्न-विश्लेषकाला नमुना हाती पडल्यापासून अहवाल देण्यास चौदा दिवसांची मुदत दिली आहे. धान्य, तेल किंवा डबाबंद माल यांच्या बाबतीत ही मुदत वाजवी म्हणता येईल. तो माल गुदामात पडून असतो, आणि दोष आढळलाच तर परत मागवता येतो. दुधाची गोष्ट निराळी आहे. ज्या दिवशी निरीक्षकाने नमुना घेतला त्याच दिवशी त्या पिशव्यांतील दूध घरोघरच्या मुलांच्या, बाळंतिणींच्या आणि रुग्णांच्या पोटात गेलेले असते. पुढे अहवाल येतो, खटला उभा राहतो, दंडही होतो. परंतु जे पिऊन झाले ते परत येत नाही. दुधाच्या शुद्धतेचा प्रश्न इतर अन्नाच्या प्रश्नाहून वेगळा व अधिक निकडीचा का आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे. नंदुरबार जिल्ह्याने तो आता तडीस न्यावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्यप्रदेश, वर सातपुडा आणि नर्मदा, मधून वाहणारी तापी. नवापूरच्या रेल्वे-स्थानकावर एकच बाक असा आहे की, त्याचे एक टोक महाराष्ट्रात व दुसरे गुजरातेत आहे. अशा मुलखात दुधाच्या गाडीला सीमा ती कसली? पिशवी कोणत्या राज्यात भरली गेली आणि कोणत्या राज्यात फोडली गेली, हे गिऱ्हाइकाच्या गावीही नसते. पूर्वी रतीब घालणारा गवळी दारात उभा राहत असे. त्याच्या चरवीत पाणी आहे की नाही, हे घरातील म्हातारी नुसत्या धारेवरून सांगत असे, आणि संशय आला तर त्याला चार शब्द सुनावतही असे. आता चरवीच्या जागी पिशवी आली. पिशवी बोलत नाही, लाजत नाही आणि तिला सुनावूनही उपयोग नसतो. तिच्यावर 'पाश्चराइज्ड' असा एक शब्द छापलेला असतो. लक्षावधी माणसे त्या एका शब्दाच्या भरवशावर दूध विकत घेतात. त्या शब्दामागे कोण उभे आहे, हा आमचा प्रश्न आहे.

शब्दाचा अर्थ प्रथम नीट समजून घेतला पाहिजे. पाश्चरीकरण म्हणजे दुधाचा प्रत्येक कण किमान ६३ अंश सेल्सिअसवर अर्धा तास, अथवा सुमारे ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवून लगेच ४ अंशांपर्यंत थंड करणे. याने क्षयासारख्या रोगांचे जंतू मरतात, दुधाची चव व सत्त्व बव्हंशी टिकते. हे काम नीट झाले की नाही, याची एक सोपी व खात्रीची कसोटी आहे. दुधात 'फॉस्फटेज' नावाचे एक द्रव्य स्वभावतःच असते आणि योग्य उष्णता मिळाली की ते नष्ट होते. ते शिल्लक सापडले, तर दूध पुरेसे तापलेले नाही, किंवा त्यात मागाहून कच्चे दूध मिसळले, असे निःशंक समजावे. दुसरी कसोटी कोलिफॉर्म जंतूंची. हे जंतू पाश्चरीकरणात टिकत नाहीत. म्हणून ते पिशवीत आढळले तर दोष भट्टीनंतरचा, म्हणजे नळीचा, टाकीचा, भरणयंत्राचा अथवा हाताचा, असा निष्कर्ष निघतो. या दोन्ही परीक्षांना शास्त्रज्ञांचा मोठा ताफा लागत नाही. एक लहानशी खोली, थोडी उपकरणे आणि शिकलेले दोन माणूस एवढ्यावर त्या होऊ शकतात.

परंतु पाश्चरीकरण म्हणजे सर्व दोषांचे निवारण नव्हे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ते जंतू मारते. युरिया नाहीसा करीत नाही, जनावराला टोचलेल्या औषधाचा अंश काढून टाकीत नाही, आणि चाऱ्यातून आलेले बुरशीचे विषही घालवीत नाही. आपल्या घरोघरी दूध उतू जाईपर्यंत तापवण्याची जी जुनी शिस्त आहे, ती जंतूंच्या दृष्टीने फार मोलाची आहे व ती कोणी सोडू नये. तथापि या शेवटच्या दोषांपुढे चूलही हतबल ठरते.

आता वस्तुस्थिती काय आहे ते पाहू. दुधाविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक टोक म्हणते, बाजारातले सगळे दूध बनावट आहे, रसायनांचे आहे, विष आहे. दुसरे टोक म्हणते, पिशवीबंद आहे ना, मग चिंता कसली? केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर जी पाहणी केली तिने ही दोन्ही टोके खोटी पाडली आहेत. १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने गोळा झाले. त्यांपैकी सुमारे ९३ टक्के पिण्यास सुरक्षित निघाले. आरोग्यास घातक भेसळ अवघ्या १२ नमुन्यांत सापडली. 'सगळे दूध विष आहे' असा गवगवा करणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत. कारण अशा गवगव्याने कष्टाळू दूध-उत्पादकाची बदनामी होते आणि दुधाची ज्यांना सर्वांत गरज, त्या मुलांच्या तोंडचा पेला काढून घेतला जातो.

परंतु त्याच पाहणीचा दुसरा भाग पिशवीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी वाचावा. अफ्लाटॉक्सिन एम-१ या बुरशीजन्य विषाचे प्रमाण ३६८ नमुन्यांत कायद्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा, अधिक निघाले. त्यांतील २२७ नमुने प्रक्रिया केलेल्या दुधाचे होते आणि १४१ कच्च्या दुधाचे. प्रक्रिया केलेल्या दुधाचे एकूण नमुने २,६०७ आणि कच्च्याचे ३,८२५ होते, हे लक्षात घेतले म्हणजे हिशेब उघड होतो : कच्च्या दुधात शंभरी चारापेक्षा कमी, तर प्रक्रिया केलेल्यात शंभरी जवळजवळ नऊ. ज्याला आपण अधिक निर्धोक समजून अधिक दाम मोजतो, त्यातच हा दोष दुपटीहून अधिक आढळावा, ही गोष्ट कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करील. प्रतिजैविक औषधांचे अंश मर्यादेबाहेर सापडलेले नमुने देशात ७७ होते. त्यांपैकी २३ मध्यप्रदेशातील आणि ९ महाराष्ट्रातील होते. आमचा जिल्हा या दोन राज्यांच्या सांध्यावर वसलेला आहे, हे येथे मुद्दाम सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट. ही पाहणी ५० हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांपुरती होती. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात या मापात बसणारी शहरे दोनच : १ लाख ११ हजार वस्तीचे नंदुरबार आणि ६१ हजारांचे शहादे. नवापूर, तळोदे, अक्कलकुवा, धडगाव ही गावे त्या मापात बसतच नाहीत. म्हणजे ज्या ठिकाणी पिशवी सर्वांत लांबचा प्रवास करून पोहोचते, ज्या ठिकाणी विजेचा आणि बर्फाचा भरवसा सर्वांत कमी, नेमके तेच भाग देशाच्या सर्वांत मोठ्या दूध-परीक्षेच्या कक्षेबाहेर राहिले. ज्या जिल्ह्याचे नाव कुपोषणाच्या संदर्भात वर्षानुवर्षे विधिमंडळात आणि न्यायालयांत घेतले जाते, त्या जिल्ह्यातील दुर्गम पाड्यांच्या दुधाविषयी कोणापाशी पुरावा नसावा, ही स्थिती क्षणभरही सहन करण्याजोगी नाही.

अफ्लाटॉक्सिनचा विचार या जिल्ह्यापुरता अधिक बारकाईने केला पाहिजे. हे विष कोणी लबाड मनुष्य दुधात ओतीत नाही. सरकीची ढेप, भुईमुगाची पेंड, मका हे पशुखाद्य ओलसर जागी साठवले की त्याला बुरशी येते. त्या बुरशीचे विष जनावराच्या पोटात जाते आणि रूप पालटून दुधात उतरते. आमच्या जिल्ह्यात कापूस पिकतो, मका पिकतो, आणि ढेप हा तर खानदेशातील गुरांचा नित्याचा खुराक. पावसाळ्यात गळक्या छपराखाली रचलेली पोती हा या विषाचा उगम आहे. सबब दुधाची खरी परीक्षा गोठ्यापासून आणि ढेपेच्या पोत्यापासून सुरू झाली पाहिजे. अशा शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून काहीही साधणार नाही. त्याला कोरडी साठवण कशी करावी ते शिकवा, बुरशी आलेली ढेप विकणाऱ्या दुकानदारावर आधी हात टाका, आणि संकलन केंद्रावर जसे प्रत्येक डब्याचे 'फॅट' आणि 'एसएनएफ' पाहता तसे ठराविक दिवसांनी या विषाचीही चाचणी करा. आज संकलन केंद्रावरील यंत्र स्निग्धांश मोजते, कारण त्यावर दर ठरतो. जे दर ठरवीत नाही ते मोजण्याची घाई कोणास नसते. ही व्यापाराची रीत झाली. आरोग्याची रीत याहून वेगळी असली पाहिजे.

परीक्षा जे शोधते तेवढेच तिला सापडते, हा धडा जगाने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. चीनमध्ये २००८ मध्ये दुधात मेलामाइन नावाचे द्रव्य मिसळले गेले. प्रथिनांच्या नेहमीच्या चाचणीत नत्र मोजले जाते आणि मेलामाइन नत्राने भरलेले. त्यामुळे पाणी घातलेले दूधही चाचणीत उत्तम ठरले. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, सहा दगावली. त्या दुधाची परीक्षा झाली नव्हती असे नाही. ती झाली होती आणि दूध तीत उत्तीर्णही झाले होते! अमेरिकेतील शिकागो परिसरात १९८५ मध्ये एका मोठ्या आधुनिक दूधशाळेच्या पाश्चरीकृत दुधातून साल्मोनेलाची साथ पसरली, आणि १६ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. तेथे यंत्रे होती, शास्त्र होते, पैसा होता. तरीही हे घडले. म्हणून 'आमची दूधशाळा आधुनिक आहे' एवढे उत्तर कोणीही पुरेसे मानू नये.

आमच्याकडे तर दूधशाळेच्या दारापुढचा प्रवास हा स्वतंत्र धोका आहे. पाश्चरीकृत दूध म्हणजे निर्जंतुक दूध नव्हे. त्यात उरलेले जंतू थंडीने झोपलेले असतात, इतकेच. एप्रिल-मे महिन्यांत जेव्हा तापमापीचा पारा चाळिशी ओलांडून जातो, तेव्हा दुकानाच्या पायरीवर उघड्या क्रेटमध्ये पडलेली पिशवी पाहावी आणि तिच्यावर छापलेली थंड ठेवण्याची सूचना वाचावी. नमुना दूधशाळेच्या फाटकावर सकाळी सहाला घेतला तर तो निर्मळ निघेल. तोच नमुना धडगावच्या टपरीवर दुपारी दोनला घ्या आणि मग बोला. गिऱ्हाईक फाटकावरचे दूध पीत नाही, टपरीवरचे पिते. तपासणीही तेथेच झाली पाहिजे.

येथे अंतराचा प्रश्न उभा राहतो. कायदेशीर नमुन्यातील दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्मलिन घालण्याची तरतूद नियमांत आहे. त्याने स्निग्धांश, पाणी, युरिया यांची परीक्षा दूरच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. परंतु फॉर्मलिन जंतूंनाही मारते. मग त्या नमुन्यात जंतू किती होते हे कोण सांगणार? जंतुपरीक्षेचा नमुना औषध न घालता, बर्फात ठेवून, तातडीने प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. प्रयोगशाळा जितकी दूर, तितकी ही परीक्षा अवघड, आणि अवघड म्हणून विरळ. किंबहुना दुधात काय शोधले जाते आणि काय शोधले जात नाही, हे पुष्कळदा शास्त्र ठरवीत नाही, रस्त्याचे अंतर ठरविते.

दूरच्या प्रयोगशाळेची वाट पाहणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. २००६ च्या आरंभी नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या पटापट मरू लागल्या. आरंभी तो राणीखेत रोग समजला गेला. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निर्णय १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाला, तेव्हा कळले की देशातील बर्ड फ्लूची पहिली साथ नवापुरात आली आहे. मग लाखो पक्षी मारून पुरावे लागले आणि तालुक्याचा उभा धंदा कोसळला. २०२१ च्या फेब्रुवारीत तेथे पुन्हा तीच आपत्ती आली. रोगाचे निदान उशिरा झाले की निष्पाप माणसाचेही नुकसान होते आणि जनतेचा विश्वास एका रात्रीत उडतो. जे कोंबडीच्या बाबतीत झाले ते दुधाच्या बाबतीत होईपर्यंत आपण थांबणार आहोत काय?

कायद्याची वाण आहे, असे कोणी म्हणू नये. १९५४ चा भेसळ-प्रतिबंधक कायदा गेला आणि २००६ चा नवा आला. ५ ऑगस्ट २०११ पासून त्याचा अंमल सुरू झाला. बरोबर पाच वर्षांनी, ५ ऑगस्ट २०१६ रोजी, स्वामी अच्युतानंद तीर्थ यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना राज्य व जिल्हा पातळीवर समित्या नेमण्यास, फिरत्या प्रयोगशाळा वाढवण्यास आणि लोकांना तक्रारीचा सोपा मार्ग देण्यास सांगितले. केंद्रीय प्राधिकरणाने १ जानेवारी २०२० पासून दूधशाळांना आपल्या दुधाची ठराविक पद्धतीने तपासणी करण्याची योजना घालून दिली. महाराष्ट्र शासनाने २८ जून २०२३ रोजी अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हावार समित्या नेमल्या. त्यांत पोलीस, अन्न व औषध प्रशासन, पशुसंवर्धन, वैधमापन आणि दुग्धविकास ही सर्व खाती बसविली. एवढी सगळी खाती एका टेबलाभोवती बसल्यावर दुधाला सुटायला वाट राहू नये! परंतु दूधशाळा आपली तपासणी आपल्या वहीत लिहिणार, समिती आपले निष्कर्ष आपल्या फायलीत ठेवणार, आणि पिशवी विकत घेणारा पूर्ववत अंधारातच राहणार, असे असेल तर या साऱ्या खटाटोपाचा त्याला उपयोग काय?

दिवाळीच्या तोंडावर धाडी पडतात, हजारो लिटर दूध गटारात ओतल्याची छायाचित्रे छापून येतात आणि पाडव्यानंतर सारे शांत होते. आम्हाला असल्या आतषबाजीत रस नाही. वर्षाचे बाराही महिने, गाजावाजा न करता, क्रमाने होणारी तपासणी आम्हाला हवी आहे. आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांपैकी एकही अशक्य नाही.

पहिली मागणी : जिल्ह्याच्या ठिकाणी दुधापुरती का होईना, जंतूंची, फॉस्फटेजची, युरियाची व प्रतिजैविकांची चाचणी करणारी प्रयोगशाळा उभारावी, आणि तिच्या जोडीला शीतपेट्या असलेली एक गाडी सहाही तालुक्यांत नेमाने फिरवावी. दुसरी : नमुने किरकोळ दुकानातून, आश्रमशाळेच्या आणि अंगणवाडीच्या दारातून, आणि उन्हाळ्यात दुपारच्या वेळी घ्यावेत. तिसरी : प्रत्येक महिन्याचे निष्कर्ष नाममुद्रेसह जाहीर करावेत, जे उत्तीर्ण झाले त्यांचेही नाव छापावे, म्हणजे प्रामाणिक दूधशाळेला तिच्या प्रामाणिकपणाचे मोल मिळेल. चौथी : सीमेपलीकडून येणाऱ्या दुधाचा दोष आढळल्यास त्याची वार्ता त्याच दिवशी शेजारच्या राज्यातील अधिकाऱ्यांस द्यावी. कायदा तिन्ही राज्यांत एकच आहे. टपाल मात्र एका गतीचे नाही. पाचवी : ढेप आणि पशुखाद्य विकणाऱ्यांची तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात सक्तीने करावी.

राहता राहिला गिऱ्हाईक. त्याच्याही हाती कायद्याने एक शस्त्र दिले आहे. ते गंजत पडले आहे. २००६ च्या कायद्याच्या ४० व्या कलमानुसार कोणाही खरेदीदाराला, दुकानदाराला खरेदीच्या वेळी तशी कल्पना देऊन, विकत घेतलेला पदार्थ अन्न-विश्लेषकाकडून शुल्क भरून तपासून घेता येतो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो, आणि दोष सिद्ध झाला तर भरलेले शुल्क परत मिळते. एकट्यादुकट्या मजुराला हे परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण नगरपालिकेने, शाळांच्या पालक-सभांनी, महिला बचत गटांनी महिन्याला एक नमुना जरी असा तपासून घेतला, तरी वर्षाअखेर या जिल्ह्यापाशी स्वतःचा पुरावा जमा होईल. दरम्यान प्रत्येकाने पिशवी घेताना ती थंड आहे की नाही ते हाताला पाहावे, तारीख वाचावी, चौदा आकडी परवाना-क्रमांक आहे की नाही ते तपासावे. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश व साडेआठ टक्के इतर घनांश, आणि फुल क्रीम दुधात अनुक्रमे ६ व ९ टक्के हे कायद्याचे माप आहे. ते माप ज्याला ठाऊक आहे त्याला फसविणे जरा कठीण जाते.

ज्या मुलाला दिवसातून एकच पेला दूध मिळते, त्याच्या पेल्यात खोट असेल तर त्याच्यापाशी दुसरा पेला नसतो. सधन घरातील मूल एका वाईट दिवसाची भरपाई दहा चांगल्या दिवसांनी करील. सातपुड्याच्या कुशीतील मुलाला ती सोय नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी, अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने आणि जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी ही गोष्ट ध्यानात ठेवून या महिन्यापासून निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास आरंभ करावा. ते निष्कर्ष, बरे असोत की वाईट, छापण्यास आमचे स्तंभ खुले आहेत.